टपालयानाच्या पोटावरचा डाग

खोकं आलं ते मंगळवारी. कुरिअरवाल्याने ते शेजारच्या काकूंकडे दिलं होतं आणि काकूंनी त्यावर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या होत्या. मी मेथी परत केली, खोकं घरात आणलं, हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि मगच कात्री घेतली. हात धुतल्याचं मुद्दाम सांगते आहे. पुढे त्याचा संबंध येतो.

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. चोवीस वर्षं झाली. ओतीव लोखंडाचे भाग टेबलावर येतात, मी मोजते, पास करते किंवा परत पाठवते. फावल्या वेळात मी अंतराळयानांची मॉडेल्स जमवते. हे ऐकून लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. छंद त्याचा असेल आणि मी त्याला झाकते आहे असं त्यांना वाटतं. त्याचा काही संबंध नाही. तो त्यांना ‘तुझी विमानं’ म्हणतो आणि त्यांच्यावरची धूळ पुसायला नकार देतो.

आमच्यासारख्या मंडळींचा मराठीत एक गट आहे. महिन्याला एक पत्रिका निघते, ती फोनवर येते. तिच्यात मी मॉडेल्सची परीक्षणं लिहिते. नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं असतात, त्यामुळे पहिलं वर्षभर वाचकांची पत्रं ‘सर’ने सुरू व्हायची. माझी पद्धत सोपी आहे. आधी मोजायचं, मग बघायचं, मग लिहायचं. बहुतेक लोक उलट करतात.

त्या खोक्यात टपालयान होतं.

हे यान ज्या मालिकेतलं, ती मी शेवगावला शाळेत असताना टीव्हीवर लागायची. ग्रहाग्रहांवर वस्त्या झाल्या आहेत आणि एक जुनाट यान त्यांच्यामध्ये टपाल पोचवतं, एवढीच गोष्ट. लढाया जवळजवळ नाहीत. पांढरं, लांब मानेचं, पोटात फुगलेलं यान. डावं इंजिन उजव्यापेक्षा जाड आणि राखाडी, कारण मूळचं निकामी झाल्यावर कर्मचाऱ्यांनी भंगारातल्या दुसऱ्याच यानाचं काढून बसवलेलं असतं. ते बसवायला त्यांना पूर्ण एक भाग लागला होता. बाकीच्या मुलांना तो भाग कंटाळवाणा वाटला. मी मात्र बोल्ट कुठे बसतो ते पाहत होते. शेवटच्या भागाला शेवगावची वीज गेली, म्हणून शेवट मी पुढे चाळिशीत पाहिला. साधारणच होता.

तरी या यानाचं चांगलं मॉडेल कुणी केलेलं नव्हतं. परवाना पुण्याच्या एका लहान कंपनीकडे होता आणि तिला दीडशे नगांची मर्यादित आवृत्ती काढायची होती. काम नेहमीप्रमाणे परदेशात द्यायचं की इथल्या एका माणसाला, हे ठरत नव्हतं. शेवटी कंपनीने सांगितलं, की इथल्या माणसाने नमुना पत्रिकेकडे पाठवावा, महिनाअखेर परीक्षण येऊ द्या, ते वाचून ठरवू.

हा इथला माणूस माझ्या ओळखीचा होता. आमच्याच कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये तो मिस्त्री होता. ओतकामाच्या आधी सागवानात जो हुबेहूब भाग कोरावा लागतो तो पॅटर्न, आणि तो कोरणारा हा. पुढे पॅटर्न संगणकावरच्या यंत्रातून निघायला लागले, शॉप बंद झालं आणि मिस्त्री श्रीरामपूरजवळ बेलापूरला आपल्या घरी गेले. तिथे घरामागच्या शेडमध्ये ते चार वर्षं गणपतीचे साचे, ट्रॉफ्या, दुकानांच्या पाट्या असलं काही करत होते. हे काम मिळालं तर हातातल्या कसबाचं काम पुन्हा मिळणार होतं. नाही मिळालं तर शेड जावयाच्या गुळाच्या ढेपांना द्यायचं घरात ठरलं होतं. मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचे. शेड एकदा ढेपांनी भरली की ती पुन्हा रिकामी करून घेणारे ते नव्हेत, हे त्यांनाही माहीत होतं.

मी संपादकांना आधीच कळवलं होतं, की माणूस ओळखीचा आहे, परीक्षण दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, “ताई, मोजणारं दुसरं आहे कोण? बाकीचे सगळे डोळ्यांत पाणी आणून लिहितात.” मग मी एकच अट घातली. ओळख आहे हे परीक्षणाच्या पहिल्या ओळीत छापायचं.

खोकं उघडलं त्याच संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला.

“ताई, पोचलं का?”

“पोचलं.”

“मोडलं-बिडलं न्हाई ना?”

“नाही.”

“कसं हाय?”

“मिस्त्री, फोनवर रिझल्ट द्यायची आपली पद्धत आहे का?”

“न्हाई, न्हाई. तसं न्हाई. पोचलं का तेवढंच इचारतो,” म्हणाले, आणि फोन न ठेवता तसेच थांबले. मीच ठेवला.

खोकं उघडल्या उघडल्याच चारी बाजूंनी फोटो काढले होते, उलटं करूनही काढले होते. आता मोजायला बसले. पॅटर्न करणारे लाकूड कोरताना सगळं किंचित मोठं धरतात, कारण लोखंड थंड होताना आटतं. त्यासाठी त्यांची पट्टीसुद्धा वेगळी असते. यान मात्र रेझिनचं होतं, म्हणजे साच्यात ओतायच्या एका प्लास्टिकचं, आणि ते तितकं आटत नाही. आयुष्यभराच्या सवयीने मिस्त्रींनी यान मोठं करून ठेवलं असणार अशी माझी खात्री होती. व्हर्नियर लावलं, मान मोजली, पोट मोजलं, दोन्ही इंजिनं मोजली. सगळं जिथल्या तिथे. डावं इंजिन बरोबर तेवढंच जाड. आणि त्याच्या कडेला, भंगारातून काढताना बसलेला पोचा. मालिकेत तो दोन-तीनदाच दिसतो. तो त्यांनी नुसता रंगवला नव्हता, कोरला होता.

मी वहीत लिहिलं: मापात. रंग एकसारखा. जोड दिसत नाहीत. दारं उघडतात आणि पुन्हा बसतात. त्यानंतर यान टेबलावर ठेवून बराच वेळ बघत राहिले. हा वेळ माझ्या पद्धतीत बसत नाही.

शुक्रवारी स्टँडचे स्क्रू तपासायला यान उलटं केलं आणि पोटावर डाग दिसला. रुपयाएवढा, फिका पिवळा, कडा विरघळल्यासारख्या. मंगळवारचा फोटो मोठा करून पाहिला. तेव्हाही होता, पण सांगितल्याशिवाय दिसला नसता इतका फिका. म्हणजे तीन दिवसांत तो वाढला होता.

छंदाबाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटणार नाही. पण पांढऱ्या मॉडेलच्या बाबतीत पिवळं पडणं हा सगळ्यात वाईट रोग. रेझिन हलकं असलं, किंवा त्यात मिसळायच्या द्रवाचं प्रमाण चुकलं, तर ते आतून पिवळं होतं आणि रंगातून वर येतं. तसं असेल तर हा एक डाग नव्हता, पुढच्या दीडशे नगांचा डाग होता. आणि ते मला लिहावं लागणार होतं. लिहिलं की काम परदेशात.

शनिवारी सकाळी संपादकांना कळवलं.

“पोटाखाली ना?” ते म्हणाले. “स्टँडवर ठेवलं की दिसतंय का?”

“नाही.”

“मग झालं तर. ताई, आपल्या नगर जिल्ह्याचा माणूस आहे. पहिलंच काम आहे. पोटाखाली कोण बघतंय?”

“मी बघते.”

“तुमच्याशिवाय कोण बघतंय, असं म्हणतो मी.”

“दीडशे लोक. दोन वर्षांनी, सगळं यान पिवळं झाल्यावर.”

ते म्हणाले, “कारण तरी शोधा. नुसता डाग लिहिलात तर माणूस मेला.”

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. कारण न देता दोष लिहिणं म्हणजे अर्धवट तपासणी. मी मिस्त्रींना फोन केला. डागाचं ऐकल्यावर पलीकडे रंग फवारायचा कंप्रेसर बंद झाल्याचा आवाज आला.

“रेझिन कोरं डबं फोडून वापरलंय,” ते म्हणाले. “काट्यावर मोजून मिसळलंय. ताई, माझ्या हातनं असलं हुनार न्हाई.”

“डाग आहे, मिस्त्री.”

“तुमच्याकडंच काय लागलं नसंल ना? सयपाकघर, हात…”

मी राग गिळला, कारण प्रश्न रास्त होता. तपासणीत पहिला संशय स्वतःच्या टेबलावर घ्यायचा असतो. पण पहिला फोटो खोकं उघडल्या उघडल्या काढलेला होता आणि हात धुतलेले होते. तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग लिवा काय लिवायचं ते,” आणि फोन ठेवला. कारखान्यातल्या वीस वर्षांत मी त्यांचे तीन पॅटर्न परत पाठवले होते, तेव्हाही ते असे बोलले नव्हते.

पण त्यांच्या प्रश्नातला एक शब्द डोक्यात राहिला. स्वयंपाकघर. मी यान उचलून खिडकीशी नेलं आणि तो डाग कपडे धुणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिला. हा पिवळा मला माहीत होता. रेझिनचा पिवळा चहासारखा मळकट असतो आणि सगळीकडे पसरतो. हा एका जागी होता आणि उजळ होता. नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर रस्सा सांडला की असतो, तसा.

कापसाच्या काडीचं टोक धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि डागाच्या कडेला, मोहरीएवढ्या जागेत टेकवलं. पिवळ्याचा लालसर तपकिरी झाला. साबण लागला की असा रंग बदलणारा डाग घरात एकच असतो. हळदीचा.

नवरा दारात उभा राहून बघत होता. “यानाला काय झालं?”

“हळद लागली आहे.”

“लग्न आहे का त्याचं?” म्हणाला आणि पेपर घेऊन निघून गेला.

मी ओल्या कापडाने ती जागा टिपून घेतली. हळद वरून लागलेली नव्हती. वरून लागली असती तर पुसली गेली असती, आणि दिवसागणिक वाढली नसती. ती रंगाच्या खाली होती आणि रंगातून वर येत होती. म्हणजे रंग मारायच्या आधी कुणीतरी यानाच्या पोटाला हळद लावली होती. कुणी आणि का, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या कारखान्यात नवा साचा सुरू झाला की पहिल्या नगाला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. इंजिनियर असो की हमाल, सगळे हात जोडतात. मीही जोडते. मग तो नग माझ्या टेबलावर येतो.

रविवारी सकाळी तारकपूर स्टँडवरून श्रीरामपूरची एसटी धरली. यान मांडीवर. राहुरीपर्यंत शेजारी बसलेल्या बाईंनी तीनदा विचारलं, केक आहे का. बेलापूरला उतरले आणि चालत मिस्त्रींच्या घरी गेले.

शेड स्वच्छ होती. भिंतीवर पटाशा मापाप्रमाणे लावलेल्या, कारखान्यात असायच्या तशाच. फळीवर टपालयानाची आणखी तीन धडं होती, अजून न रंगवलेली. मिस्त्रींनी मला पाहिलं, हातातली कानस खाली ठेवली, पण “या” म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने म्हटलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

मी यान पालथं घालून टेबलावर ठेवलं. “मिस्त्री, याला हळदकुंकू कुठे लावलंत?”

त्यांनी आधी वहिनींकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघता?” वहिनी म्हणाल्या. “मी सांगायला गेल्ते का नगरला?”

“पोटाला,” मिस्त्री म्हणाले. “वर लावलं असतं तर दिसलं असतं.”

“आणि मग?”

“मंग पुसलं की. तसंच ठिवलं न्हाई. चांगलं घासून पुसलं.”

“कशाने?”

“थिनरनं.”

झालं. थिनरने हळद पुसली जात नाही, ती विरघळते आणि आत मुरते. त्यांनी जितकं घासलं तितकी ती रेझिनमध्ये गेली. त्यावर रंग मारला, त्या रंगातही थिनर. हळदीला वर यायला वाटच करून दिली होती.

मी हे सांगितलं.

“पहिला नग पाठवायचा नसतो, मिस्त्री. चोवीस वर्षं मी पहिल्या नगाला लाल चिठ्ठी बांधून कपाटात ठेवते आहे. तुम्हाला माहीत नाही?”

“तुमच्या खात्याचं मला काय म्हाईत? आमी पॅटर्न करायचो. आमचं काय गिऱ्हाइकाकडं जायचं हुतं व्हय? पूजा केली की शॉपमधीच राह्यचं. आन् पहिला शुभ असतो. म्हनून तोच पाठिवला. दुसरा पाठवावा असं मनातबी आलं न्हाई.”

“मी म्हन्ले हुते, पहिला घरात ठिवा,” वहिनी म्हणाल्या.

“तू शोकेसमधी ठिवायला म्हन्ली हुतीस.”

“ठिवला असता तर आज असं तोंड करून बसावं लागलं असतं का?”

मिस्त्रींनी यान हातात घेतलं, अंगठ्याने डाग चाचपला. मग वहिनींनाच सुचलं. “ताई, हळदच हाय ना? गच्चीवर उन्हात ठिवा की पालथं घालून. दोन-चार दिसांत जातीय. लुगड्यावरची जाते, याच्यावरची न्हाई जानार?”

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

हे मलाही शनिवारीच सुचलं होतं. ऊन आमच्याकडे भरपूर आहे. डाग गेला असता, मी नवे फोटो काढले असते आणि कुणाला काही कळलं नसतं.

“जाईल,” मी म्हणाले. “पण मला नग जसा आला तसा लिहायचा आहे. धुऊन, वाळवून नाही.”

“मंग लिवा,” मिस्त्री म्हणाले. “डाग हाय, कारन म्हाईत न्हाई, असं लिवा.”

“माहीत आहे.”

“ताई, ते नगा लिवू.” आता ते उभे राहिले होते. “रेझिन खराब हाय म्हना, मिस्त्रीचं प्रमान चुकलं म्हना. पर हळदकुंकवाचं नगा लिवू. पुन्याचे लोक म्हनतील, बेलापूरच्या म्हाताऱ्यानं यानाची पूजा घातली. हसत्याल.”

“हसतील,” मी म्हणाले. “दोन दिवस हसतील. रेझिन खराब म्हणून लिहिलं तर कुणी हसणार नाही, आणि कुणी कामही देणार नाही. तुमचं रेझिन खराब नाही. मग मी ते का लिहू?”

“हे खरं कशावरनं मानत्याल ते? तुमी माझ्या वळखीच्या.”

हा मुद्दा पक्का होता. मी कापसाची काडी आणि साबण यांच्या भरवशावर बसले होते. तेवढ्याने स्वयंपाकघरात काम भागतं, तपासणीत नाही. शिवाय हळद आहे हे ठरलं, तरी रेझिन चांगलं आहे हे ठरत नव्हतं. दोन दोष एकाच जागी असू शकतात.

“त्याच डब्यातलं रेझिन आहे?” मी विचारलं.

“हाय.”

“मग चार पट्ट्या ओता. आत्ता.”

त्यांनी काटा पुढे ओढला. काम सांगितलं की मिस्त्री वाद घालत नाहीत, हे मला कारखान्यापासून माहीत होतं. त्यांनी मोजून मिसळलं, बोटाएवढ्या चार पट्ट्या ओतल्या. त्या घट्ट होईपर्यंत वहिनींनी मला जेवायला वाढलं. ताटात पिवळंधमक पिठलं होतं. जेवण झाल्यावर दोन पट्ट्यांना वहिनींनीच देव्हाऱ्यातल्या करंड्यातली हळद लावली, मिस्त्रींनी थिनरने घासून पुसली, दोन कोऱ्या ठेवल्या. मग चारींना सारखा रंग, सारखे हात. सुकल्यावर चारी पांढऱ्या. कुठली कुठली ते सांगता येईना, म्हणून मी मागे खिळ्याने खुणा केल्या.

निघताना मिस्त्री फाटकापर्यंत आले. “आन् कोऱ्या पट्ट्याबी पिवळ्या पडल्या तर?”

“तर तेही लिहीन.”

“व्हय,” ते म्हणाले. “ते बी खरंच.”

घरी आल्यावर एक हळदीची, एक कोरी अशी एक जोडी कपाटात ठेवली, एक फ्रिजच्या वर, जिथे ऊब असते. कपाटातल्यांना मी रोज बघायला गेले नाही. फ्रिजवरच्यांना मात्र दूध काढताना, ठेवताना, भाजी काढताना बघत होते. बुधवारपर्यंत काही नाही. गुरुवारी सकाळी हळद लावलेल्या पट्टीवर सावलीसारखं काही दिसलं. शुक्रवारी ती उघड पिवळी होती आणि तिच्या शेजारची कोरी पट्टी पांढरी होती. कपाट उघडलं. तिथेही तसंच. थोडं फिकं, पण तसंच.

मिस्त्रींना फोन केला. “कोऱ्या दोन्ही पांढऱ्या आहेत.”

“बरं,” म्हणाले. आणि मग, “काय लिवनार?”

“जे झालं ते.”

शनिवारी सकाळी परीक्षण लिहिलं. पहिली ओळ: ‘हे मॉडेल बनवणारा कारागीर माझा जुना सहकारी आहे, वाचकांनी हे ध्यानात ठेवून वाचावं.’ मग मापं, रंग, जोड, दारं. डाव्या इंजिनावरच्या पोच्याबद्दल चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन खोडल्या. आणि मग हे, जसंच्या तसं:

‘पोटावर पिवळा डाग आहे आणि तो वाढतो आहे. हा दोष आहे. कारण रेझिन नाही, हळद आहे. कारागिराने रिवाजाप्रमाणे पहिल्या नगाची पूजा केली, हळद थिनरने पुसली आणि वर रंग मारला. त्याच डब्यातल्या रेझिनच्या, हळद न लावलेल्या दोन पट्ट्या पाच दिवसांनंतर पांढऱ्या आहेत. हळद लावलेल्या दोन्ही पिवळ्या पडल्या आहेत. फोटो सोबत. पाच दिवसांवरून पाच वर्षांचं सांगता येत नाही, म्हणून पट्ट्या माझ्याकडे ठेवल्या आहेत, मागणाऱ्याला पाठवीन. हा नग विक्रीला योग्य नाही. दुसरा नग मागवून पाहावा. असं काम मी या छंदात आजवर पाहिलेलं नाही, आणि ते मी मोजून सांगते आहे.’

संपादकांनी फोन केला. “ताई, ते हळदकुंकवाचं वाक्य जरा… ‘बाह्य रंगद्रव्य’ म्हणूया का?”

“नको. हळद म्हणा. हळद सगळ्यांना कळते.”

पत्रिका निघाली. लोक हसले. आमच्या गटात दोन दिवस मुंडावळ्या बांधलेल्या टपालयानाची चित्रं फिरत होती. त्यातलं एक चांगलं जमलं होतं. मिस्त्रींचा फोन आला नाही, मीही केला नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीने मला पट्ट्या मागितल्या. मी चारी पाठवल्या. मग त्यांनी मिस्त्रींकडून दुसरा नग मागवला आणि महिनाभर खिडकीत ठेवला. त्या महिन्यात वहिनींचा एकदा फोन आला, की जावई ढेपा कधी आणू विचारतोय, काय सांगू. मी म्हणाले, मला काय विचारता, मिस्त्रींना विचारा. त्या म्हणाल्या, “ह्यांना इचारलं. ते म्हन्ले, थांब म्हनावं.” चार वर्षांत ते जावयाला पहिल्यांदाच थांब म्हणाले होते.

कंपनीने दीडशेपैकी पन्नास नगांचं काम आधी दिलं आणि ते बरं निघाल्यावर उरलेलं. एका गोष्टीवर मात्र मिस्त्री अडून बसले. आवृत्तीच्या प्रत्येक नगावर क्रमांक कोरायचा होता आणि कंपनीला पहिल्या क्रमांकाचा नग लिलावात विकायचा होता. मिस्त्रींनी कळवलं, पहिला नग विकायचा नसतो, तपासणी खात्याचा नियम आहे. कंपनीने मला विचारलं, असा नियम आहे का. मी लिहिलं, आहे. त्यामुळे त्या आवृत्तीचे क्रमांक दोनपासून सुरू होतात. जमवणारे अजून विचारतात, एक नंबर कुणाकडे आहे.

तो बेलापूरला आहे, शेडमध्ये, पटाशांच्या वरच्या फळीवर. मी परीक्षणाचा नग स्वतःकडे ठेवत नाही, त्याच आठवड्यात परत केला होता. मानेला माझी लाल चिठ्ठी बांधून.

माझ्यासाठी मी नंतर रीतसर नोंदणी करून एक मागवलं. सतरा नंबर आला. हात धुतले, खोकं उघडलं, यान बाहेर काढलं आणि सगळ्यांत आधी उलटं केलं. पोट पांढरं होतं. मग व्हर्नियर घेतलं.